इंदुरात कुटुंबासाठी गाडी घेताना : पेट्रोल की डिझेल?

सुदामानगरकर (धागाकर्ता) – ८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. अकरा वर्षे वापरलेली आमची लहान पेट्रोल गाडी आता काढून टाकायची आहे आणि तिच्या जागी चार मीटरच्या आतली, पण जरा उंच बसकण असलेली गाडी घ्यायची आहे, कारण आईच्या गुडघ्यांना जुन्या गाडीत खाली वाकून बसणे आता झेपत नाही. गाडी कोणती घ्यायची ते जवळजवळ ठरले आहे, म्हणून त्यावर चर्चा नको. अडले आहे ते इंजिनापाशी. तीच गाडी १.२ लिटर पेट्रोलमध्ये मिळते आणि १.५ लिटर डिझेलमध्येही मिळते. मला हव्या असलेल्या श्रेणीत दोन्हींची ऑन-रोड कोटेशने शेजारी ठेवली, तर डिझेल १ लाख ७५ हजार रुपयांनी महाग पडते.

घरात पाच माणसे आहेत : आम्ही दोघे, दोन मुले आणि आई. सुदामानगरहून विजयनगरला माझे कार्यालय ११ किलोमीटर आहे, म्हणजे रोजची जाऊन-येऊन २२ किलोमीटर आणि वर्षाला साधारण ५५०० किलोमीटर. महिन्यातून एकदा उज्जैन, ओंकारेश्वर किंवा महेश्वर होते, त्याचे १८०० धरले आहेत. वर्षातून दोनदा पुण्याला बहिणीकडे जातो, त्याचे २६००. सगळे मिळून ९९०० किलोमीटर होतात.

याच गाड्या चालवणाऱ्या दोन सहकाऱ्यांकडून टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजलेले ॲव्हरेज घेतले आहे. शहरात पेट्रोल गाडी १३ आणि डिझेल १७ देते, महामार्गावर अनुक्रमे १६ आणि २०. आपल्याकडे पेट्रोल साधारण १०६ रुपये ५० पैसे आणि डिझेल ९२ रुपये धरले, तर शहरात पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ८ रुपये १९ पैसे येतो आणि डिझेलचा ५ रुपये ४१ पैसे. म्हणजे किलोमीटरमागे २ रुपये ७८ पैसे वाचतात. महामार्गावर हाच फरक २ रुपये ६ पैशांवर येतो. ५५०० शहरातले आणि ४४०० बाहेरचे असे धरून वर्षाची बचत सुमारे २४,३०० रुपये होते. डिझेलच्या सर्व्हिसिंगचे वर्षाला ३००० जास्त धरले, तर हाती २१,३०० उरतात. या वेगाने १ लाख ७५ हजार वसूल व्हायला आठ वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि त्यात कर्जाच्या वाढीव रकमेवरचे व्याज मी धरलेलेच नाही.

आकडे पेट्रोलच्या बाजूने आहेत, हे मलाही दिसते. परंतु सासरे ठामपणे म्हणतात की पाच माणसे, सामान आणि एसी घेऊन घाट चढायचा असेल, तर डिझेलला पर्याय नाही. शिवाय शोरूममधील विक्रेत्याने «दहा हजारांच्या वर चालवत असाल तर डोळे मिटून डिझेल घ्या» असे सांगितले, आणि मी नेमका त्या दहा हजारांच्या उंबरठ्यावर उभा आहे. अनुभवी मंडळींनी मत द्यावे. इलेक्ट्रिकचा विचार करून झाला आहे. पार्किंग इमारतीच्या बाहेर, रस्त्यावर असल्याने ते सध्या शक्य नाही.

---

पीथमपूर_फेरी – ८ नोव्हेंबर, रात्री १०.२५

मी राजेंद्रनगरला राहतो आणि कामाला पीथमपूरला जातो. जाऊन-येऊन ५० ते ५५ किलोमीटर होतात. बाहेरगावचे धरून वर्षाला २२,००० किलोमीटर सहज पडतात. २०२१ मध्ये डिझेल घेतली. आपल्याच पद्धतीने हिशेब केला तर माझी जास्तीची रक्कम साडेतीन वर्षांच्या आतच वसूल झाली, आणि आता जे वाचते ते निव्वळ खिशात पडते. चार वर्षांत सर्व्हिसिंगशिवाय एक रुपया लागलेला नाही. राऊ ओलांडले की गाडी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये एकसारखी धावते, इंजिन तापते, धूर मोकळा होतो आणि गाडी खूश असते.

आपल्या सासऱ्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. या वर्गातल्या १.२ लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ११५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो आणि १.५ डिझेलचा २५०. तोही १५०० आरपीएमपासूनच, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच मिळतो. भरल्या गाडीत चढावर हा फरक पायाला कळतो. आकड्यांचा हिशेब बाजूला ठेवला तर चालवण्याचे सुख डिझेलमध्येच आहे, असे माझे प्रांजळ मत आहे.

---

रामबाग_डॉक्टर – ९ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

मला नेमका उलटा अनुभव आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

२०२२ मध्ये आम्ही डिझेल घेतली. माझे रुग्णालय घरापासून तीन किलोमीटर. सकाळी मुलीला शाळेत सोडून रुग्णालयात जायचे, दुपारी घरी यायचे, संध्याकाळी पुन्हा एक फेरी. दिवसाला बारा-चौदा किलोमीटर होत असत, पण एका वेळी कधीही चारपेक्षा जास्त नाही. घेताना विक्रेत्याने वर्षाचे किलोमीटर विचारले होते. एक फेरी किती लांबीची असते, हे मात्र कोणीच विचारले नाही.

सातव्या महिन्यात मीटरच्या शेजारी नारिंगी रंगाचे एक चिन्ह पेटले. आडवी नळी, तिच्या मध्ये डबा आणि डब्यात ठिपके, असे ते दिसते. मी आधी दुर्लक्ष केले. चार दिवसांनी गाडीचा जोर अचानक गेला. राजवाड्यावरून येताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी चाळीसच्या पुढे जाईना, आणि मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करत होते. वर्कशॉपमध्ये कळले की धुराच्या नळीतला काजळीचा फिल्टर तुंबला होता. त्यांनी संगणक जोडून गाडी जागेवरच तासभर चालवून तो जाळून साफ केला. इंजिन ऑइलची पट्टी बाहेर काढून मला दाखवली, तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्याही वर आले होते आणि त्याला चक्क डिझेलचा वास येत होता. ऑइल वेळेआधीच बदलावे लागले.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियमच झाला आहे. दर रविवारी सकाळी यजमान तीन इमलीवरून बायपास गाठतात आणि राऊपर्यंत गाडी एकसारखी पळवून आणतात. परत येताना पोहे-जलेबी आणतात, हा त्यातला एकमेव लाभ. डिझेल वाचवण्यासाठी घेतलेल्या गाडीत निव्वळ तिचा धूर साफ करायला दर आठवड्याला डिझेल जाळावे लागावे, याचे मला आजही हसू येते.

सुदामानगरकर दादा, आपली फेरी अकरा किलोमीटरची आहे, म्हणजे माझ्याइतकी वाईट स्थिती नाही. तरीही ती अकरा किलोमीटरे कशी जातात, हे एकदा बघावे.

---

निवृत्त_यंत्रज्ञ – ९ नोव्हेंबर, सकाळी ११.३५

डॉक्टर ताईंनी जे सोसले, त्यामागचे कारण थोडक्यात सांगतो. आयुष्य वाहन-कारखान्यात गेले आहे, त्यामुळे लांबण लागली तर क्षमस्व.

१ एप्रिल २०२० पासून देशभर धुराच्या प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाली आणि इंधनातले गंधकाचे प्रमाण ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत दहा) आले. डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर, ज्याला डीपीएफ म्हणतात, तेव्हापासून जवळजवळ अटळ झाला. या फिल्टरमध्ये काजळी साठत जाते. ठरावीक प्रमाणाबाहेर साठली की गाडीचा संगणक सिलिंडरमध्ये उशिरा थोडे जास्तीचे डिझेल सोडतो, त्यामुळे धुराचे तापमान ६०० अंशांच्या आसपास जाते आणि काजळी जळून राख होते. याला एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटे लागतात. ही क्रिया चालू असताना आपण पलासियाच्या सिग्नलवर गाडी बंद केली किंवा घर आले म्हणून किल्ली फिरवली, तर ती अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू होते. असे वारंवार झाले की न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरते. ताईंच्या गाडीतले ऑइल वाढले, ते त्यामुळे. काही गाड्यांमध्ये याखेरीज नायट्रोजनची ऑक्साइडे मारण्यासाठी युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ, वेगळ्या टाकीत भरावे लागते. तो खर्च फार नसतो, पण दुर्लक्ष करून टाकी पूर्ण रिकामी केली तर गाडी पुन्हा सुरू होत नाही.

आता धागाकर्त्यांच्या हिशेबातली एक गंमत पाहा. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे डिझेल शहरात किलोमीटरला २ रुपये ७८ पैसे वाचवते आणि महामार्गावर २ रुपये ६ पैसेच. म्हणजे पैशाने जास्त वाचवते ती शहरात, आणि तुंबते तीही शहरातच! म्हणूनच «वर्षाला दहा हजार» हा विक्रेत्यांचा नियम मला अर्धवट वाटतो. दहा हजार किलोमीटर तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांनी झाले, तर डिझेल घेऊ नये. तेच पन्नास-पन्नासच्या फेऱ्यांनी झाले, तर खुशाल विचार करावा.

डिझेलचे ॲव्हरेज जास्त का, हेही लोक चुकीचे समजतात. एक कारण म्हणजे डिझेल इंजिनात हवा अधिक दाबली जाते आणि पेट्रोल इंजिनासारखी तिची वाट अडवणारी झडप नसते, त्यामुळे इंजिन मुळातच काटकसरी असते. दुसरे कारण साधे आहे : डिझेल दाट असते. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे १० ते १२ टक्के ऊर्जा जास्त असते. म्हणजे वाढीव ॲव्हरेजचा काही भाग इंजिनाचा नसून लिटरचा आहे. त्याच कारणाने लिटरभर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तर डिझेल जळून २.७ किलोच्या आसपास.

धागाकर्त्यांना एक सुचवतो. तीन आठवडे प्रत्येक फेरीची नोंद ठेवा : किती किलोमीटर, किती मिनिटे, आणि त्यात सलग न थांबता किती मिनिटे मिळाली.

---

अलकापुरी_बडोदे – ९ नोव्हेंबर, दुपारी ४.०५

मी बडोद्याचा. आमच्याकडे हाच प्रश्न विचारला असता तर उत्तर यापेक्षा सोपे निघाले असते, आणि त्याचे कारण गाडीत नसून करात आहे.

पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावते. आमच्या गुजरातेत पेट्रोल ९४-९५ रुपयांना आणि डिझेल ९० रुपयांना मिळते. म्हणजे दोहोंत जेमतेम साडेचार रुपयांचे अंतर. आपल्याकडे ते साडेचौदा रुपयांचे आहे. आपलेच शहरातले ॲव्हरेज घेऊन मी हिशेब केला : पेट्रोल ७ रुपये २७ पैसे, डिझेल ५ रुपये २९ पैसे, फरक १ रुपया ९८ पैसे. १ लाख ७५ हजार वसूल व्हायला, सर्व्हिसिंग न धरताही, बडोद्यात ८८,००० किलोमीटर चालावे लागेल. इंदुरात तेच ६३,००० किलोमीटरवर होईल. गाडी तीच, चालवणाराही तोच. फक्त झाबुआ-दाहोदची सीमा मध्ये आली.

माझी दोन चुलत भावंडे इंदुरात आहेत. ती आमच्याकडे येताना टाकी जेमतेम भरून निघतात आणि परतताना दाहोदला टाकी काठोकाठ भरून घेतात. पेट्रोलवाल्याला त्यात लिटरमागे बारा रुपये सुटतात, डिझेलवाल्याला दोनच. यावरून मध्य प्रदेशात पेट्रोलवर किती भार आहे, ते ध्यानात यावे. एवढे मात्र लक्षात असू द्या की हे दर सरकारी निर्णयावर अवलंबून आहेत. व्हॅट बदलला तर आज आठ वर्षांचा वाटणारा हिशेब सहाचा किंवा बाराचाही होऊ शकतो.

---

जुना_हिशेबनीस – ९ नोव्हेंबर, रात्री ८.५०

सासरेबुवांची बाजू मांडतो, कारण मी त्यांच्याच पिढीचा आहे.

आमच्या मनात डिझेलची जी प्रतिमा बसली, ती २०१२ च्या सुमाराची. त्या वर्षी मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे झाले, आणि डिझेल होते ४० रुपये ९१ पैसे. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक! डिझेल गाड्यांसाठी महिनोन्महिने थांबावे लागे आणि लोक आनंदाने थांबत. पेट्रोलचे दर जून २०१० मध्येच मोकळे झाले होते, डिझेलचे मात्र सरकार बांधून ठेवत होते. जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला थोडे-थोडे वाढवत नेले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळे झाले. जून २०२० मध्ये तर दिल्लीत व्हॅटच्या घोळामुळे डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाल्याचे आम्ही पाहिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बीएस-६ च्या खर्चामुळे मारुती सुझुकीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले. छोट्या गाडीला तो फिल्टर आणि त्याची यंत्रणा बसवणे परवडत नाही, हे त्यातून उघड झाले.

सासऱ्यांचा सल्ला त्या काळी शंभर टक्के बरोबर होता. त्यांना हे आकडे दाखवा, पण वाद घालू नका. जावयाने गाडीवरून वाद घातलेला आमच्या पिढीला चालत नाही.

---

मुरार_ग्वाल्हेर – १० नोव्हेंबर, सकाळी ९.३०

ग्वाल्हेरहून दोन मुद्दे लिहितो, दोन्ही पैशाचे.

पहिला मुद्दा मेळ्याचा. आमचा व्यापार मेळा १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केला, आणि अलीकडे तो बाहेरगावी ओळखला जातो तो गाड्यांवरच्या करसवलतीमुळे. मेळ्यात घेतलेल्या गाडीवर परिवहन करात निम्मी सूट मिळत आली आहे. २०२४ आणि २०२५ मध्ये उज्जैनच्या विक्रमोत्सव व्यापार मेळ्यातही तशीच सूट होती. गाडीची नोंदणी मात्र त्या-त्या आरटीओत करावी लागते. आमच्याकडे एमपी-०७, उज्जैनला एमपी-१३. इंदूरकर मंडळी उज्जैनला रांगा लावून आली होती, हे आपल्याला ठाऊक असेलच. डिझेल गाडीची किंमत जास्त, त्यामुळे कराची रक्कमही जास्त, आणि म्हणून निम्म्या सुटीत डिझेलला रुपयांत अधिक लाभ होतो. सूट जाहीर झाली तर आपला पावणेदोन लाखांचा फरक काहीसा आटेल. तोवर थांबता येत असेल तर थांबावे.

दुसरा मुद्दा दिल्लीचा. माझी मुलगी नोएडात असते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात डिझेल गाडीला दहा वर्षांची आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा हरित लवादाने घातली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. यंदा जुलैत दिल्लीतल्या पंपांवर अशा गाड्यांना इंधन नाकारायला सुरुवात झाली, काही दिवसांतच ती थांबवावी लागली आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. आपल्या मध्य प्रदेशात असा दहा वर्षांचा नियम नाही. तरी पुढेमागे गाडी मुलांकडे त्या भागात पाठवायचा विचार असेल, तर डिझेल घेताना शंभरदा विचार करावा. ग्वाल्हेरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात दिल्लीहून आलेल्या आठ-नऊ वर्षांच्या डिझेल गाड्यांची इतकी रेलचेल असते की स्थानिक डिझेल गाडीचा भावही पडतो.

---

सुदामानगरकर – १० नोव्हेंबर, रात्री १०.१५

सर्वांचे मनापासून आभार. यंत्रज्ञ काकांच्या सांगण्याप्रमाणे नोंद ठेवायला आजपासून सुरुवात केली आहे. भिशीच्या वहीची मागची पाने त्यासाठी काढली, त्यावरून सौभाग्यवतींचे दोन शब्द ऐकले.

एक शंका. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. त्यामुळे पुढे ॲव्हरेज आणखी घसरले, तर माझा हिशेब फिरेल का? आणि १ लिटर टर्बो (जास्त हवा कोंबून जोर वाढवणाऱ्या) पेट्रोल इंजिनाचा पर्याय या तुलनेत कुठे बसतो?

---

निवृत्त_यंत्रज्ञ – ११ नोव्हेंबर, सकाळी ८.००

इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिसळले की लिटरची ऊर्जा साधारण साडेसहा टक्क्यांनी घटते. इथेनॉलचा ऑक्टेन (दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची क्षमता) जास्त असल्याने त्यासाठी जुळवलेले इंजिन यातली काही तूट भरून काढते. जुन्या गाड्यांना फटका जास्त, एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांना कमी. परंतु आपल्या सहकाऱ्याने १३ चा आकडा याच वर्षी, याच पेट्रोलवर मोजला असेल, तर इथेनॉल त्यात आधीच आलेले आहे. ते दुसऱ्यांदा वजा करू नका.

टर्बोबद्दल मात्र मला आपली चूक दाखवायची आहे. आपण १.२ पेट्रोलची तुलना १.५ डिझेलशी करता, आणि घाटाचा प्रश्न निघाला की मनात टर्बो आणता. एका वेळी एकच जोडी धरा. टर्बोचा टॉर्क १७२ न्यूटन-मीटर असतो, घाटात तो छान ओढतो, पण त्याची किंमत डिझेलच्या जवळ सरकते आणि शहराच्या गर्दीत त्याचे ॲव्हरेज १.२ पेक्षाही खाली येते. त्या जोडीत डिझेल बऱ्याच लवकर वसूल होते. म्हणून खरा प्रश्न असा आहे की १.२ इंजिनावर आपल्या कुटुंबाचे भागते की नाही. त्याचे उत्तर कागदावर मिळणार नाही, ते महेश्वरच्या वाटेवरच्या मानपूरच्या घाटात मिळेल.

जाता जाता : २२ सप्टेंबरपासून चार मीटरच्या आतल्या गाड्यांना, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत, सरसकट १८ टक्के जीएसटी लागतो. आधी उपकर धरून पेट्रोलला २९ आणि डिझेलला ३१ होता. जुन्या लेखांमधले किमतीतले फरक त्यामुळे आता उपयोगाचे नाहीत.

---

पीथमपूर_फेरी – ११ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

काकांशी सहमत. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी चालवण्याच्या सुखाबद्दल लिहिले, ते माझ्या रस्त्यासाठी खरे आहे. रोज सकाळी ए.बी. रोडच्या गर्दीत डिझेल चालवायची असती, तर क्लचवर पाय ठेवून-ठेवून मीच कंटाळलो असतो.

---

सुदामानगरकर – ३० नोव्हेंबर, रात्री ९.००

नोंदवही पूर्ण झाली, म्हणून लिहितो.

वीस दिवसांत ६४ फेऱ्या झाल्या. त्यांपैकी ३० कार्यालयाच्या होत्या आणि त्यातली प्रत्येक फेरी ३५ ते ५० मिनिटांची. या फेऱ्यांमध्ये सलग न थांबता मिळालेला सर्वांत मोठा काळ सात मिनिटांचा निघाला, तोही रात्री साडेनऊला परतताना. ३० फेऱ्या किराणा, शिकवणी आणि आईच्या फिजिओथेरपीच्या, सगळ्या चार किलोमीटरच्या आतल्या. या मी वर्षाच्या हिशेबात धरल्याच नव्हत्या, कारण त्या मला गाडी चालवणे वाटतच नव्हत्या. उरलेल्या चारच फेऱ्यांमध्ये गाडी वीस मिनिटांहून जास्त एकसारखी धावली : दोन उज्जैनच्या, दोन महेश्वरच्या.

महेश्वरची सहल मुद्दाम काढली होती. मित्राकडे याच १.२ इंजिनाची गाडी आहे, ती एका रविवारासाठी मागून घेतली. पाचही जण, मागे दोन बॅगा, शिवाय मुलांनी नदीच्या घाटावरून उचलून आणलेले किलोभर गोटे. परतताना धामणोद सोडले आणि गुजरीच्या पुढे चढण लागली. नर्मदेच्या काठावरून माळव्याच्या पठारावर यायचे म्हणजे सुमारे चारशे मीटर चढायचे. एसी चालू होता. चौथ्या गिअरमध्ये गाडी दमू लागली तसा तिसरा टाकला, इंजिनाचा आवाज वाढला आणि काटा ५५ आणि ६० च्या मध्ये राहिला. पुढच्या ट्रकला ओलांडायची दोनदा इच्छा झाली आणि दोन्ही वेळा मी ती आवरली. डिझेल असती तर ओलांडला असता, यात शंका नाही. मागून आई म्हणाली, «घरी कुणी वाट बघतंय का? चालू दे सावकाश.» वर मानपूरला आलो तेव्हा इंजिनाचे तापमान जागेवर होते.

एवढ्या चढावर मी वर्षातून सात-आठ वेळा जाईन. चार किलोमीटरच्या आतल्या फेऱ्या याच गतीने वर्षाला पाचशेच्या वर होतील. सासऱ्यांना वही दाखवली. त्यांनी पाने उलटली, चष्मा काढला आणि «मग पेट्रोलच घ्या» एवढेच म्हणाले.

१.२ पेट्रोल नक्की केली आहे. उज्जैनच्या मेळ्यात यंदाही सूट जाहीर होते का, ते पाहून बुकिंग करणार आहे. एमपी-१३ चा क्रमांक इंदुरात मिरवायला सौभाग्यवतींची तेवढी हरकत आहे, ती वाटाघाटीने सुटेल. डॉक्टर ताई, आपण फेरीची लांबी विचारली नसती तर माझी वही निघालीच नसती. गाडी आली आणि पाच हजार किलोमीटर झाले की टाकी-ते-टाकीचे आकडे याच धाग्यावर टाकीन.